डेटाबेसवाल्याने स्वतःला तयार कसं ठेवावं: सरावाच्या मशीनपासून रिस्टोरच्या तालमीपर्यंत

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब डॉट कॉम या प्रोग्रामचा कोड ठेवायच्या सेवेच्या डेटाबेसवर ताण आला आणि दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडत गेला. दुय्यम सर्व्हरची डेटा डिरेक्टरी रिकामी करून तो नव्याने उभा करायचं ठरलं. उशिरापर्यंत थांबलेल्या इंजिनिअरने डिरेक्टरी पुसायची आज्ञा दिली, पण ती मुख्य सर्व्हरवर चालली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते.

पुढचा भाग प्रत्येक डेटाबेसवाल्याला तोंडपाठ असावा. बॅकअपची एक नव्हे, अनेक सोयी कागदावर होत्या. रोजचा डंप (डेटाची फाइलीत काढलेली नक्कल) फेल होत होता, कारण सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा. फेल झाल्याचे ईमेल सुटत होते, पण डीमार्कच्या (ईमेल खरंच त्याच पत्त्यावरून आला का या) तपासणीत ते नाकारले जात असल्याने कुणापर्यंत पोचतच नव्हते. अ‍ॅमेझॉनवरची बॅकअपची जागा रिकामी निघाली. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट (त्या क्षणीची डिस्कची प्रत) डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी कामाला आला तो दुसऱ्याच कारणासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. मधल्या सहा तासांचा डेटा गेला: सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कॉमेंट आणि ७०० च्या आसपास नवी खाती. कंपनीने हे सगळं तपशीलवार जाहीर केलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि त्यामुळे जगभरच्या आपल्या व्यवसायबंधूंना शिकायला मिळालं. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

या घटनेत कुणाला बॅकअप म्हणजे काय हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. माहिती होती, बॅकअपमधून डेटा परत आणून, म्हणजे रिस्टोर करून बघायची सवय नव्हती. आपल्या क्षेत्रातली वाढ मी याच मापाने मोजतो. किती वाचलं, किती कोर्स केले यापेक्षा गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय चालवून, मोडून, परत उभं करून बघितलं? हा लेख त्या कामाचा आराखडा आहे. उदाहरणं पोस्टग्रेसची घेतली आहेत, कारण तो फुकट आहे, त्याचं मॅन्युअल उत्तम आहे आणि तिथे शिकलेल्या कल्पना ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएलवर जशाच्या तशा उपयोगी पडतात. आज्ञांची आणि सेटिंगची नावं लेखात देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.

सरावाचं मशीन

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. त्यावर लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन घ्या आणि पोस्टग्रेस टाका. डॉकर सोयीचं आहे, पण सुरुवातीला मी ते सुचवत नाही. फाइली कुठे राहतात, सर्व्हिस कशी सुरू होते, लॉग कुठे पडतो हे डोळ्यांसमोर राहिलेलं बरं. एकाच मशीनवर दोन क्लस्टर (पोस्टग्रेसच्या भाषेत, स्वतःची डेटा डिरेक्टरी असलेला एक स्वतंत्र सर्व्हर) ठेवा, एक ५४३२ पोर्टवर आणि दुसरा ५४३३ वर. पहिल्याला प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या वापरातला, मानायचं. दुसरा मोडतोडीसाठी.

डेटा भरायला पीजीबेंच हे हत्यार सोबतच येतं. त्याला ५० चा स्केल दिला की खात्यांच्या टेबलमध्ये ५० लाख ओळी तयार होतात, म्हणजे पाऊण जीबीच्या आसपास. याच पीजीबेंचने व्यवहारांचा ताणही चालू ठेवता येतो, आणि खालच्या तालमींसाठी तो चालू असणं गरजेचं आहे. शांत डेटाबेसवर सगळंच जमतं.

ऑफिसचा डेटा मात्र सरावासाठी घरी आणायचा नाही. एक टेबलसुद्धा नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा भारताचा कायदा २०२३ मध्ये आला, पण तो नसता तरी ग्राहकांची नावं आणि मोबाइल नंबर आपल्या लॅपटॉपवर असायचं काही कारण नव्हतं.

रिस्टोरची तालीम

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. उद्दिष्ट असं: कुणीतरी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी टेबल ड्रॉप केलं, तर २ वाजून ९ मिनिटांची स्थिती परत आणता आली पाहिजे. याला पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी म्हणतात आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात: एक बेस बॅकअप (पूर्ण क्लस्टरच्या फाइलींची प्रत), आणि त्यानंतरच्या सगळ्या वॉल फाइली (वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग, बदलांची नोंदवही). प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये लिहिला जातो, म्हणून बेस बॅकअपवर वॉल पुन्हा चालवत गेलं की हव्या त्या क्षणापर्यंत पोचता येतं.

आधी पहिल्या क्लस्टरवर आर्काइव्ह_मोड ऑन करा. हे सेटिंग बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, नुसतं रीलोड चालत नाही. आर्काइव्ह_कमांडमध्ये वॉलची फाइल वेगळ्या डिरेक्टरीत कॉपी करायची आज्ञा द्या. मॅन्युअलमधल्या नमुन्यात त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहायचं नाही, अशी अट घातलेली आहे; ती काढू नका. मग पीजी_स्टॅट_आर्काइव्हर हा व्ह्यू उघडा. शेवटची फाइल कधी गेली आणि किती वेळा अपयश आलं हे तिथे दिसतं. आता मुद्दाम त्या डिरेक्टरीची लिहायची परवानगी काढून घ्या आणि पीजीबेंच चालू ठेवा. अपयशाचा आकडा वाढत जाईल, पीजी_वॉल डिरेक्टरी फुगत जाईल, आणि डेटाबेस मात्र काही झालंच नाही असं काम करत राहील. डिस्क भरेपर्यंत. डिस्क भरली की सर्व्हर बंद पडतो. हे एकदा स्वतः बघितलं की त्या व्ह्यूवर अलर्ट लावायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही.

परवानगी परत द्या, वॉल साचलेले निघून जाऊ द्या, आणि पीजी_बेसबॅकअपने बेस बॅकअप घ्या. पीजीबेंच थोडा वेळ चालू द्या. सर्व्हरलाच वेळ विचारा, ती लिहून ठेवा, मिनिटभर थांबा आणि एक मोठं टेबल ड्रॉप करा. नंतर पीजी_स्विच_वॉल हे फंक्शन चालवा, म्हणजे चालू वॉल फाइलही आर्काइव्हमध्ये जाईल. ही पायरी विसरली तर हवा असलेला शेवटचा तुकडा आर्काइव्हमध्ये नसतोच.

आता परत आणायचं. बेस बॅकअप दुसऱ्या क्लस्टरच्या रिकाम्या डेटा डिरेक्टरीत ठेवा. पोर्ट ५४३३ करा. रिस्टोर_कमांडमध्ये आर्काइव्हमधून फाइल परत आणायची आज्ञा द्या, रिकव्हरी_टार्गेट_टाइममध्ये लिहून ठेवलेली वेळ द्या, आणि डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी.सिग्नल नावाची रिकामी फाइल तयार करा. सर्व्हर सुरू करून लॉग वाचत बसा. आर्काइव्हमधून एकेक फाइल उचलली जाते, ठरलेल्या वेळेला गाडी थांबते, आणि डेटाबेस फक्त वाचण्यासाठी उघडतो. इथे घाई करायची नाही. आधी टेबल आहे का, ओळी किती आहेत हे तपासायचं. बरोबर असेल तरच पीजी_वॉल_रिप्ले_रिझ्युम चालवायचं. त्यानंतर रिकव्हरी संपते आणि नवी टाइमलाइन सुरू होते. त्यापुढच्या वॉल फाइलींच्या नावातल्या पहिल्या आठ अंकांत हा टाइमलाइनचा क्रमांक बदललेला दिसेल.

या तालमीत हमखास अडखळायला होतं अशा जागा सांगून ठेवतो.

वेळेचा पट्टा. सर्व्हर यूटीसीवर असतो, लॉग यूटीसीत असतो, क्लायंट अमेरिकेत आणि टिकीट लिहिणारा भारतीय वेळेत. टार्गेट टाइम देताना त्यापुढे +०५:३० किंवा जो असेल तो फरक स्पष्ट लिहा. साडेपाच तासांची चूक इथेच होते, आणि ती कळायला पूर्ण रिस्टोर संपावा लागतो. काही टीबींच्या डेटाबेसवर याचा अर्थ अख्खी रात्र वाया.

टार्गेट पुढचं दिलं तर. आर्काइव्हमधले वॉल संपले आणि दिलेली वेळ आलीच नाही, तर आवृत्ती १३ पासून सर्व्हर सरळ बंद पडतो. लॉगमध्ये ठरलेलं टार्गेट गाठण्याआधीच रिकव्हरी संपल्याचं लिहिलेलं असतं. घाबरायचं नाही. टार्गेट बदलून पुन्हा सुरू करता येतं.

जुनीच आर्काइव्ह डिरेक्टरी. परत आणलेल्या क्लस्टरमध्ये आर्काइव्हिंगचं सेटिंगही बॅकअपमधून जसंच्या तसं येतं. तो प्रॉडक्शनच्याच आर्काइव्हमध्ये लिहायला जाईल. सुरू करण्याआधी ते बंद करा किंवा त्याची जागा बदला.

डेबियन आणि उबुंटूवर सेटिंगच्या फाइली डेटा डिरेक्टरीत नसतात, /इटीसी खाली असतात. बेस बॅकअपमध्ये त्या येत नाहीत. त्यांची वेगळी सोय हवी. तसंच पीजी_डंप एका डेटाबेसचा डंप घेतो. युजर आणि रोल त्यात नसतात. ते पीजी_डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने वेगळे काढावे लागतात, नाहीतर रिस्टोरच्या वेळी मालक नसलेल्या टेबलांच्या एररची रांग लागते.

प्रत्येक तालमीत घड्याळ लावा. एकूण वेळ एका आकड्यात न लिहिता तोडून लिहा: बॅकअप शोधायला किती, कॉपी करायला किती, वॉल चालायला किती, तपासायला किती. मॅनेजरने किंवा क्लायंटने किती वेळात परत येईल असं विचारल्यावर मोजलेला आकडा सांगणारा माणूस आणि अंदाज सांगणारा माणूस यांतला फरक त्या कॉलवरच्या सगळ्यांना कळतो. दर महिन्याला एक तालीम, तीही दर वेळी वेगळ्या अपघाताची: एकदा ड्रॉप झालेलं टेबल, एकदा वेअर क्लॉज विसरलेला अपडेट, एकदा पूर्ण मशीन गेलं असं धरून. आवृत्ती १७ पासून इन्क्रिमेंटल बॅकअप पोस्टग्रेसमध्येच आला आहे. जमलं की त्याचीही तालीम करा, कारण तिथे पीजी_कंबाइनबॅकअपने तुकडे जोडायची एक पायरी वाढते आणि साखळीतला एक तुकडा हरवला तर काय होतं हे आधीच बघितलेलं बरं.

क्वेरी प्लॅन वाचायला शिकणं

क्वेरी स्लो आहे म्हणून टिकीट आलं की पुष्कळजण इंडेक्स टाकून मोकळे होतात. कधी लागू पडतं, कधी नाही, आणि का ते कळत नाही. त्यापेक्षा एक्सप्लेन अ‍ॅनालाइझच्या उत्तरात दोन आकडे शोधायची सवय लावा: प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) किती ओळी येतील असं धरलं होतं आणि प्रत्यक्षात किती आल्या. जिथे हे दोन आकडे दहापट, शंभरपट फाकतात तिथे दुखणं असतं. त्याच्या वरच्या पायऱ्यांवरचे चुकीचे निर्णय बहुधा त्या फाकण्याचेच परिणाम असतात.

एक उदाहरण जवळून बघू. दहा लाख पत्त्यांचं टेबल तयार करा, त्यात राज्य आणि जिल्हा असे दोन कॉलम. समजा महाराष्ट्राच्या ओळी १० टक्के आहेत आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या अर्धा टक्का. आता राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा कोल्हापूर अशी अट द्या. कोल्हापूर महाराष्ट्रातच आहे, त्यामुळे उत्तर ५,००० ओळी. प्लॅनरला मात्र भूगोल माहीत नाही. तो दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरतो, प्रमाणांचा गुणाकार करतो आणि ५०० वर पोचतो. या टेबलला आणखी दोन टेबलं जोडलेली असतील तर ५०० ओळींसाठी नेस्टेड लूप (एका टेबलच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात शोध) स्वस्त वाटतो, प्रत्यक्षात तो दहापट फेऱ्या मारतो. उपाय इंडेक्सचा नाहीच. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने या दोन कॉलमचं परस्परावलंबन नोंदवा, टेबलवर अ‍ॅनालाइझ चालवा आणि प्लॅन पुन्हा बघा. अंदाज ५,००० च्या जवळ येईल. ही सोय आवृत्ती १० पासून आहे, आणि तालुका-जिल्हा-राज्य, पिनकोड-शहर अशी जोडीने येणारी माहिती आपल्याकडच्या प्रत्येक सिस्टिममध्ये आहे.

वाचताना दोन पथ्यं. ओळींचा प्रत्यक्ष आकडा एका फेरीचा सरासरी आकडा असतो, त्याला लूप्सच्या आकड्याने गुणावं लागतं. आणि एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो, म्हणून डिलीट किंवा अपडेटवर वापरताना आधी बिगिन आणि नंतर रोलबॅक. आवृत्ती १८ मध्ये बफर्सचा तपशील न मागता दिसतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तो मागून घ्या.

कोणत्या क्वेरीकडे आधी बघायचं हे चाललेल्या क्वेरींची मोजदाद ठेवणारा पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स सांगतो. सरासरी वेळेपेक्षा एकूण वेळेनुसार क्रम लावा. दिवसाला लाखो वेळा येणारी चार मिलिसेकंदांची क्वेरी, रात्री एकदा चालणाऱ्या दहा मिनिटांच्या रिपोर्टपेक्षा सर्व्हरला जास्त दमवते.

लॉक हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एक प्रयोग आजच करा: एका सेशनमध्ये एखाद्या टेबलवर सिलेक्ट चालवून व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा ठेवा, दुसऱ्यात त्या टेबलवर ऑल्टर टेबल द्या, तिसऱ्यात साधा सिलेक्ट. तिसराही अडकतो. वाट बघणारा ऑल्टर मागच्या सगळ्यांना अडवून धरतो. त्यानंतर लॉक_टाइमआउट दोन सेकंदांवर ठेवून तेच करून बघा, आणि यापुढे प्रॉडक्शनवरच्या प्रत्येक ऑल्टरआधी ती ओळ लिहा.

मराठी डेटा: आपल्या वाट्याचं कौशल्य

सहकारी बँका, नगरपालिका, शिक्षणसंस्था, दवाखाने, सगळीकडे मराठी नावं आणि पत्ते डेटाबेसमध्ये जात आहेत. यातल्या अडचणी परदेशी कोर्समध्ये नसतात आणि त्या सोडवणारा माणूस ऑफिसात शोधावा लागतो. तो तुम्ही व्हा.

कऱ्हाड घ्या. हे नाव दोन प्रकारे टाइप होतं: ऱ हे वेगळं चिन्ह वापरून, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडणीचं चिन्ह वापरून. कऱ्हाड आणि कर्‍हाड. स्क्रीनवर दोन्ही सारखे. ऑक्टेट_लेंग्थ विचारा: पहिला १८ बाइटचा, दुसरा २१ चा. एका कीबोर्डवरून भरलेला पत्ता दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडत नाही, ग्रुप बायमध्ये एकाच गावाच्या दोन ओळी येतात, आणि युनिक इंडेक्स दोन्ही आनंदाने आत घेतो. पोस्टग्रेसच्या नॉर्मलाइझ फंक्शननेही हे दोन रूपं एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या नियमांत ती समतुल्य नाहीत. ॲ आणि अॅ यांचीही तीच गोष्ट, ॲड. देशपांडे आणि अॅड. देशपांडे डेटाबेसच्या लेखी वेगळे. उपाय करण्यासारखा आहे: माहिती आत येतानाच एक रूप ठरवून बदल करणारं छोटं फंक्शन लिहा, जुन्या ओळी त्यातून काढा आणि शोधायच्या शब्दालाही तेच फंक्शन लावा.

अकारविल्हे लावण्याचं बघा. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, म्हणून नुसत्या क्रमांकानुसार यादी लावली तर काळे आधी आणि कासार नंतर. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर. मतदारयादी किंवा गुणपत्रकाची यादी हातात धरणाऱ्याला ही चूक लगेच खटकते. आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचे नियम) लावून त्याच दोन नावांची यादी पुन्हा काढा आणि फरक बघा.

लांबीचंही भान हवं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळी चिन्हं असतात. पोस्टग्रेस कॉलमची लांबी चिन्हांत मोजतो, पण ओरॅकलमध्ये सेटिंग न बदलता ठेवलेला २० लांबीचा व्हारचार२ म्हणजे २० बाइट. त्यात देवनागरीची सहाच चिन्हं मावतात. इंग्रजी डेटावर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली सिस्टिम मराठी सुरू करायच्या पहिल्या दिवशी इथे अडते.

बातमी वाचायची कशी

डेटाबेसच्या जगात रोज काही ना काही येतं, आणि त्यातलं पुष्कळसं कंपन्यांच्या विक्री खात्यातून आलेलं असतं. मी तीनच प्रकारच्या बातम्यांना वेळ द्यावा असं सांगेन.

पहिला प्रकार आधाराची मुदत. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं आधार मिळतो. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, १४ ची नोव्हेंबर २०२६ ची आहे. मायएसक्यूएल ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची आणि त्याच्या पुढचा दीर्घ आधाराचा टप्पा ८.४. एसक्यूएल सर्व्हर २०१६ साठी १४ जुलै २०२६ ही तारीख. तुमच्या ताब्यातल्या प्रत्येक सर्व्हरची आवृत्ती आणि ही तारीख एका तक्त्यात लिहा आणि तो तक्ता मॅनेजरला द्या. अपग्रेडसाठी डाऊनटाइम आणि बजेट मिळवायचं असेल तर मुदत संपायच्या वर्षभर आधी बोललेलं ऐकलं जातं. पोस्टग्रेसचे छोटे पॅच साधारण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे येतात. ते महिने कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवा.

दुसरा प्रकार जुन्या सवयी मोडणारे बदल. रिलीज नोट्समध्ये नव्या सोयींच्या यादीआधी नव्या आवृत्तीवर येताना काय तुटेल याचा भाग असतो, तो आधी वाचायचा. आवृत्ती १२ मध्ये रिकव्हरी.कॉन्फ ही फाइल गेली. तिच्यावर बेतलेल्या रिस्टोर स्क्रिप्ट निकामी झाल्या. आवृत्ती १५ मध्ये पब्लिक स्कीमात टेबल तयार करायची सगळ्यांना असलेली मुभा गेली. अनेकांची अ‍ॅप्लिकेशन नव्या क्लस्टरवर परवानगीच्या एररने थांबली. २५ सप्टेंबर २०२५ ला आलेल्या आवृत्ती १८ मध्ये नव्या क्लस्टरवर डेटा चेकसम (डिस्कवरचा डेटा बिघडला का ते ओळखणारे आकडे) आपोआप चालू असतात. चांगला बदल, पण पीजी_अपग्रेडला जुन्या आणि नव्या क्लस्टरमधलं हे सेटिंग जुळलेलं लागतं. जुन्यात चेकसम बंद असतील तर अपग्रेड तिथेच अडतो. हे सरावाच्या मशीनवर अर्ध्या तासात दिसतं. मेंटेनन्स विंडोत पहाटे तीनला दिसलं तर वेगळीच धावपळ.

सगळ्यात धोकादायक बदल कधीकधी डेटाबेसच्या बाहेर असतो. लिनक्समधली जीलिबसी ही लायब्ररी २०१८ मध्ये २.२८ वर गेली आणि तिच्यातले अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले. रेडहॅट ७ वरून ८ वर, डेबियन ९ वरून १० वर गेलेल्या सर्व्हरमध्ये मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने, अशी अवस्था झाली. एरर येत नाही. असलेली ओळ सापडत नाही, आणि युनिक कॉलममध्ये दुसऱ्यांदा तीच किंमत शिरते. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची असेल तर मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स रीइंडेक्स करायचे आणि अ‍ॅमचेकने तपासायचे, हे तुमच्या यादीत लिहून ठेवा. मुख्य सर्व्हर एका आवृत्तीच्या लिनक्सवर आणि रेप्लिका (दुय्यम प्रत) दुसऱ्या, असं असेल तर तोच धोका रेप्लिकावर.

तिसरा प्रकार परवान्याचा. मार्च २०२४ मध्ये रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसने परवाना बदलला आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा वेगळा प्रकल्प सुरू झाला. मे २०२५ मध्ये रेडिस पुन्हा एका खुल्या परवान्याचा पर्याय घेऊन आला. वापरात असलेल्या गोष्टीचा परवाना बदलला तर कायदेशीर बाजूचा निर्णय आपला नसतो, पण कंपनीत सगळ्यात आधी सांगणारे आपण असायला हवं.

एआयबद्दल थोडक्यात. क्वेरी लिहून घ्यायला, अनोळखी एरर समजून घ्यायला ही हत्यारं उपयोगी आहेत आणि मी ती वापरतो. पण त्यांनी लिहिलेली क्वेरी बरोबर उत्तर देते का आणि ५० लाख ओळींवर कशी वागते, हे प्लॅन वाचता येणाऱ्यालाच ठरवता येतं. प्रॉडक्शनचा डेटा, पासवर्ड, क्लायंटच्या टेबलांची नावं त्यांत चिकटवायची नाहीत.

ऑन-कॉल आणि लिहिणं

हिंजवडी, खराडी, ऐरोलीत बसून अमेरिका-युरोपचे डेटाबेस सांभाळणारे आपले हजारो लोक रात्री जागे असतात. त्या वेळी डोकं मंद चालतं, हे गृहीत धरून तयारी करावी. प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं नाव मोठ्या अक्षरांत आणि प्रॉडक्शनसाठी वेगळा रंग ठेवा. पुसणारी आज्ञा देण्याआधी होस्टनेम विचारा आणि कॉलवरच्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. पुसण्याऐवजी डिरेक्टरीचं नाव बदला. जागा नसेल तेव्हाच पुसा. गिटलॅबच्या घटनेत यातली कुठलीही एक गोष्ट पुरेशी ठरली असती.

भारतातली सिस्टिम सांभाळत असाल तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचलेले असू द्या: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि लॉग १८० दिवस जपायचे. डेटाबेसचे लॉग सात दिवसांनी पुसणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामची) ओळ तुमच्या सर्व्हरवर आहे का, आधी ते बघा.

घटना निपटली की दुसऱ्या दिवशी दोन पानं लिहा. काय दिसलं, कधी दिसलं, काय केलं, कशाने फरक पडला. नाव कुणाचं घ्यायचं नाही. सहा-सात अशी टिपणं जमली की मुलाखतीत सांगायला तुमच्याकडे खरं काम असतं, आणि बायोडेटावर पाच डेटाबेसची नावं लिहिण्यापेक्षा 'दर महिन्याला रिस्टोरची तालीम, अमुक जीबी, अमुक मिनिटं' ही ओळ जास्त बोलते. सर्टिफिकेट घ्यायला हरकत नाही, कंपनी पैसे देत असेल तर जरूर घ्या. पण हात बसल्यावर घ्या, म्हणजे अभ्यासातलं ओळखीचं वाटतं. लोकांना भेटायचं तर बंगळुरूला दरवर्षी पीजीकॉन्फ इंडिया भरते. ऐकायला जा आणि पुढच्या खेपेला तुमच्या टिपणांपैकी एखाद्यावर बोलायला अर्ज करा. मराठी डेटाच्या अडचणींवर बोलाल तर हिंदी, कोकणी, नेपाळी डेटा सांभाळणारेही तुम्हाला येऊन भेटतील, कारण लिपी तीच.

रिस्टोरची पद्धत लिहून झाली की ती स्वतः चालवू नका. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला किंवा मुलीला तो कागद द्या, सरावाचं मशीन द्या आणि शेजारी गप्प बसा. ती जिथे थांबेल, प्रश्न विचारेल, वरची ओळ पुन्हा वाचेल, तिथे खूण करा. सांगू नका, लिहा. तालीम संपली की त्या खुणांच्या ओळी तिच्याकडूनच दुरुस्त करून घ्या, खाली तारीख आणि लागलेली मिनिटं टाका, आणि पुढच्या महिन्याची तालीम तिच्या नावावर लावा.